गळते ती लाडकी

नाशिककरांना यंत्रातलं कळत नाही, असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. ओझरला एचएएलमध्ये आपण मिग बांधली, सुखोई बांधली. सातपूरच्या मायकोत डिझेल इंजिनांचे नोझल होतात. कंपनीचं नाव बदलून बॉश झालं त्याला बरीच वर्षं लोटली, पण रिक्षावाल्याला ‘बॉश सर्कल’ सांगून पाहा, तो तुम्हाला मुंबईचा समजेल आणि तसंच भाडं लावील. त्या नोझलमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात; केसाएवढी चूक म्हणजे तिथं खिंडार. देवळालीत तोफा नेमक्या डागायला शिकवतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटेवरची रेघ इकडची तिकडे होत नाही. अशा या अचूकतेच्या गावात लोक ज्या वाहनावरून जीव ओवाळून टाकतात, ते वाहन उभं राहील तिथं तेल सांडतं, चालेल तेव्हा नटबोल्ट सांडतं, सुरू व्हायला लाथ खातं आणि मनात आलं तर ती परतही करतं.

बुलेटबद्दल बोलतोय. बटण दाबलं की निमूट सुरू होणारी हल्लीची नव्हे; तिच्याविषयीचा शोकप्रस्ताव पुढे मांडायचाच आहे. ही जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची. तिचा मालक प्रत्येक कॉलनीत एक तरी असतोच. सोयीसाठी त्यांना आपण भाऊ म्हणू.

भाऊ तसे कडक शिस्तीचे. कोपऱ्यावर महापालिकेची पाइपलाइन गळताना दिसली, की भाऊ फोटो काढून विभागीय कार्यालयात पाठवतात आणि करदात्यांच्या पैशांवर दोन परिच्छेद लिहितात. घरातला नळ टपटपला तर प्लंबरची तीन पिढ्यांची अक्कल काढतात. पण पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीखाली साचलेल्या काळ्या थारोळ्याकडे कुणी बोट दाखवलं, तर भाऊंच्या चेहऱ्यावर वात्सल्य पसरतं. “तेल टाकतेय ना? म्हणजे आत तेल आहे. टाकायची थांबेल तेव्हा काळजी करायची.”

गळतीला शास्त्रीय कारण आहे आणि ते भाऊंना तोंडपाठ आहे. एकच मोठा सिलिंडर, ३४६ सीसीचा. पिस्टन खाली आला की क्रॅंककेसमधली तेवढी सगळी हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला ब्रीदरची नळी ठेवलेली असते. नळीच्या टोकाचा रबरी व्हॉल्व्ह कडक झाला, की हवा कोंडते आणि मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर ढकलते. दहा-वीस रुपड्यांच्या रबराचा प्रश्न आहे, असं आपल्याला वाटतं. भाऊंना तो स्वभावाचा प्रश्न वाटतो.

गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतात, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. भाऊ पार्किंगमधल्या डागावरून इंजिनाची पातळी सांगतात. बांगडीएवढा डाग असला तर प्रकृती उत्तम. बशीएवढा असला तर लक्ष ठेवायचं. परातीएवढा झाला की भाऊ कंपनीत रजा टाकतात. घरात कुणाला ताप आला तर मात्र ‘क्रोसिन दे’ असं फोनवरच सांगतात.

या प्रेमाला इतिहास आहे. हे इंजिन कागदावर उतरलं ते इंग्लंडातल्या रेडिच गावी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, त्याची नजर या गाडीवर पडली आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली. आपली काही बंद पडेना. बंद पडायची, पण रस्त्यात, कारखान्यात नाही. १९७७ पासून तर आपण हीच गाडी इंग्लंडला पाठवू लागलो. इंग्रजांनी आपल्याला क्रिकेट दिलं आणि तेलगळती दिली. दोन्ही गोष्टी आपण त्यांना सव्याज परत केल्या.

आता गाडी सुरू करण्याचा विधी पाहू. भाऊंना साडेनऊला सातपूरला पोचायचं असतं, म्हणून ते आठलाच खाली उतरतात. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. चोक ओढायचा. चावी फिरवायची. मग हेडलाइटच्या वरच्या अ‍ॅम्पिअर मीटरकडे टक लावायची. किक हलक्या पायानं दाबत न्यायची, काटा मध्यावर आला की थांबायचं. डाव्या हातानं डीकॉम्प्रेसरची छोटी खटकी ओढून पिस्टनला माथ्यावरून किंचित पुढं सरकवायचं. खटकी सोडायची, किक वर आणायची, आणि मग काळाराम, गोराराम यांपैकी जो जवळचा असेल त्याचं नाव घेऊन सगळं वजन खाली टाकायचं. यांतली एखादी पायरी चुकली तर किक उलटी बसते आणि भाऊंचा घोटा अस्थिरोगतज्ज्ञाच्या टेबलावर जातो. तिथं डॉक्टर एक्स-रे न पाहताच विचारतात, “कुठल्या सालची आहे?”

या विधीला प्रेक्षकवर्ग लागतो आणि तो मिळतोही. गॅलरीतून सूचना येतात. “चोक जास्त झाला.” “प्लग काढून पुसा.” “पॉइंट चिकटलाय.” “ढकला, उतार आहे.” बायकोला गॅसचा रेग्युलेटर लावून देता न येणारे गृहस्थ इथं इग्निशनच्या टायमिंगवर अधिकारवाणीनं बोलतात. भाऊ खिशातून मायकोचा जुना प्लग काढतात, वायरला लावून इंजिनाच्या अंगाला टेकवतात आणि ठिणगी पाहतात. मग पॉइंटची फट तपासतात. ती पुस्तकाप्रमाणे अर्धा मिलिमीटरही नसते आणि पॉइंटची टाच झिजली की तीही बदलते. दिवसभर कंपनीत मायक्रॉनसाठी पोरांवर खेकसणारे भाऊ ही फट लग्नपत्रिकेच्या कडेनं मोजतात. त्यासाठी एक जाड पत्रिका डिकीत जपून ठेवलेली आहे. ज्यांची पत्रिका आहे त्यांचा घटस्फोट झाला. फट अजून टिकून आहे.

आणि मग अचानक ती सुरू होते. संथ, जड ठोके पडायला लागतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, तळमजल्यावरच्या आजींची वामकुक्षी सकाळीच मोडते. भाऊ वर पाहतात. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो त्यांच्या लग्नाच्या अल्बमात शोधून सापडत नाही.

एवढं करूनही गाडी हट्टाला पेटली तर तिला द्वारका चौकाच्या पलीकडे उस्तादांकडे न्यावं लागतं. उस्ताद आधी तिच्याकडे पाहत नाहीत, भाऊंकडे पाहतात. “आधी कुणाकडे दाखवली होती?” भाऊ नाव सांगतात. उस्ताद खेदानं मान हलवतात. “त्यानं वाट लावली.” प्रत्येक मिस्त्री हेच म्हणतो; बुलेटची वाट नेहमी आधीच्याच मिस्त्रीनं लावलेली असते. आपल्याकडे प्रत्येक नवं सरकार तिजोरीबद्दल जे बोलतं, तेच हे. मग उस्ताद लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात. “टॅपेट बोलतोय.” आणखी थोडं ऐकतात. “रिंगपण बोलतेय.” इतक्या लक्षपूर्वक भाऊंच्या घरात कुणाचं बोलणं कधी ऐकलं गेलेलं नाही. शेवटी निदान होतं, “हाफ इंजिन करावं लागेल. ठेवून जा. संध्याकाळी या.” कुठल्या दिवशीच्या संध्याकाळी, हे विचारायचं नसतं.

भाऊ जात नाहीत. तिथं एक बाकडं आहे आणि त्यावर शहरातले सगळे भाऊ बसलेले असतात. वकील, द्राक्षबागाईतदार, मुख्याध्यापक, बांधकामवाले. निफाडकडचे एक आप्पा असतात, ते डिझेल बुलेटच्या आठवणी काढतात. ३२५ सीसीचं ते इंजिन शेतावरच्या पंपाच्याच जातीचं. गाडी येतेय हे दोन शिवारं आधी कळायचं. पोचणार कधी ते मात्र कळायचं नाही. पण लिटरला एवढं चालायची की आप्पांचे डोळे अजून पाणावतात. बाकड्यावरच्या कुणालाही आपल्या मुलाची तुकडी सांगता येणार नाही, पण क्लच प्लेट कुठल्या दिवाळीला बदलल्या ते प्रत्येक जण सांगेल.

तक्रार केली की भाऊ गुण सांगू लागतात आणि प्रत्येक गुण नीट पाहिला तर दोषच असतो. “चोरीला जात नाही,” हा पहिला गुण. खरं आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर हात बसलेला चोर ब्रेक समजून गिअर टाकतो आणि गिअर समजून ब्रेक. त्याआधी त्याला ती सुरू करावी लागते, म्हणजे विषयच संपला. सकाळी तो तिथंच घाम पुसत बसलेला सापडेल आणि भाऊ त्याला काट्याचं तंत्र समजावून सांगतील. “ब्रेक कमी आहे म्हणून माणूस जपून चालवतो,” हा दुसरा गुण. त्या ड्रम ब्रेकवर पाय ठेवणं म्हणजे थांबण्यासाठी अर्ज करणं. अर्जावर यथावकाश विचार होतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकच्या पोलिसांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम काढली, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला. भाऊ शांत होते. गाडीवर बसून पंपावर जाणाऱ्यांसाठी तो नियम होता. भाऊ ढकलत जात होते. पायी चालणाऱ्याला हेल्मेटची सक्ती कुठल्या कलमात आहे?

रविवारी भाऊमंडळी राइडला निघतात. ठरलेलं असतं लडाख. गेली कैक वर्षं लडाख ठरलेलंच आहे. त्यासाठी हँडलपासून खाली एक जादा क्लच केबल बांधून ठेवलीय, पहिली तुटली की दुसरी लगेच जोडायची. पान्यांची पिशवी, जादा बल्ब, तारेचं भेंडोळं, एमसील, सगळं सोबत. प्रत्यक्षात गंगापूर रोडवर एकाचा सायलेन्सरचा नट पडतो, सगळे थांबतात. पुढं एकाची नंबरप्लेट कंपनांनी चिरते, सगळे थांबतात. त्र्यंबकच्या रस्त्यावर एकाचं कार्बोरेटर कचरा खातं, तेव्हा मात्र सगळे मनापासून थांबतात, कारण समोर मिसळ असते. हा सगळा थांबण्याचा प्रवास चालू असताना शेजारून एक अ‍ॅक्टिव्हा जाते. पुढं पोरगं, मागं बायको, मधे पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. ती पहिन्याचा धबधबा पाहून, भिजून, मक्याचं कणीस खाऊन परत निघते तेव्हाही भाऊ तिथंच उभे असतात. तिच्याकडे ते दयेनं पाहतात. बिचाऱ्यांना प्रवास म्हणजे काय ते कळलंच नाही.

राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर ओम बन्नांचं स्थान आहे. तिथं काचेच्या आड चक्क एका बुलेटची पूजा होते. १९८८ मध्ये तिचा स्वार अपघातात गेला. लोक सांगतात, पोलिसांनी ती गाडी ठाण्यात नेऊन ठेवली, तर ती रात्री आपली आपण अपघाताच्या जागी परत आली. या कथेवर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण ज्यानं जुनी बुलेट वापरलीय, त्याला देऊळ का बांधलं ते पहिल्या झटक्यात पटतं. किक न मारता सुरू झाली! याहून मोठा चमत्कार कोणता हवा?

आता त्या अ‍ॅक्टिव्हाकडे वळू, कारण भाऊंच्या घरीही एक आहे. वहिनींची. मुलगी बारावीच्या पेपरला गेली ती तिच्यावर. आईला रात्री दवाखान्यात नेलं ते तिच्यावर. दळण, गॅस, बँक, शाळा, भर पावसात इंदिरानगरच्या बोगद्यातलं पाणी, सगळं तिच्यावर. ती सुरू होते का, हा प्रश्न घरात कुणी कधी विचारलेला नाही. तिचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते कुणाला आठवत नाही. तिला नाव नाही. बुलेटला आहे, ‘राणी’. दसऱ्याला राणीला भाऊ स्वतः रॉकेलनं पुसतात, एकेक स्पोक चकाकवतात, झेंडूचा दुपदरी हार, नारळ, पेढा, आणि हारासोबतचा फोटो सगळ्या नातेवाइकांना. मग उरलेल्या दोऱ्यात चार फुलं ओवून, जाता जाता, ती अ‍ॅक्टिव्हाच्या आरशाला अडकवतात. ज्या दिवशी वेळेवर पोचणं भाग असतं त्या दिवशी भाऊ मुकाट्यानं हीच चार फुलांवाली घेऊन जातात. ज्या दिवशी नुसतं दिसायचं असतं त्या दिवशी राणी निघते. हल्ली नवऱ्या मुलीसुद्धा मांडवात बुलेटवरून येतात. योग्यच आहे, ढकलायला वऱ्हाड तयार असतं.

मधल्या काळात बुलेटच्या कंपनीकडून एक आगळीक झाली. तिनं गाडी सुधारली. २००९ च्या आसपास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात बसवलेलं नवं इंजिन आलं, जुनं बिडाचं गेलं. २०२० नंतर तर आणखी नवं आलं, कंपनं कमी, गळती नाही, बटण दाबा आणि निघा. भाऊंच्या बाकड्यावर सुतक पसरलं. “आता काय, शिवणयंत्र झालं.” “ठोका गेला हो.” “गाडी म्हणजे तिनं त्रास दिला पाहिजे.” ज्यांना नवीच घ्यावी लागली त्यांनी मग बाहेरून फटाके वाजवणारे सायलेन्सर लावून निदान शेजाऱ्यांना तरी त्रास पोचेल अशी व्यवस्था केली. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर गोळा करून रोडरोलरखाली चिरडले. बिघाडावरचं प्रेम या देशात कायद्याच्या कचाट्यात सापडलं ते असं.

हा सगळा भाऊंचा खासगी मामला असता तर मी सदराची जागा खर्च केली नसती. पण जरा आजूबाजूला पाहा. ऑफिसात जो रोज वेळेवर येतो, दिलेलं काम निमूट करतो, त्याला बक्षीस म्हणून काय मिळतं? आणखी काम. जो फाइल भिरकावतो, महिन्यातून दोनदा राजीनाम्याची धमकी देतो, त्याला साहेब केबिनमध्ये बोलावून चहा पाजतात. पक्षात तीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्याला नेते भाषणात ‘पक्षाचा कणा’ म्हणतात. पण हार कण्याला घालत नाहीत, गळ्यात घालतात. तो पडतो नाराज होऊन ‘नॉट रिचेबल’ झालेल्याच्या गळ्यात. त्याच्या हॉटेलापर्यंत पक्षश्रेष्ठी स्वतः जातात, पेचकस टेकवून कान लावतात, काय बोलतंय ते ऐकतात, आणि जाताना खातं देऊन येतात. नाशिकला तर याचा अनुभव आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पालकमंत्रिपदाची किक लागली, नाव जाहीर झालं, आणि एका दिवसात नाराजीच्या झटक्यानं इंजिन बंद पडलं. स्थगिती! जो भरवशाचा, त्याची किंमत शून्य. जो केव्हा बंद पडेल सांगता येत नाही, त्याच्याभोवती अख्खी कॉलनी गोळा होते.

तर परवा भाऊंच्या घरी बिघाड झाला. सकाळी वहिनी खुर्चीत पेपर वाचत बसल्या होत्या.

“अगं, चहा?” भाऊंनी विचारलं.

“काटा अजून मध्यावर आला नाही.”

“म्हणजे?”

“थंडी आहे ना. चोक लागेल थोडा. घाई केलीत तर किक उलटी बसेल हो.”

भाऊ चपापले. सवयीनं उकिडवे बसले, कान देऊन ऐकू लागले. “काय होतंय नेमकं? आधी तर सगळं नीट होतं.”

“बाबांकडे होते तोवर नीटच होतं,” वहिनी पान उलटत म्हणाल्या. “नंतरच्या मिस्त्रीनं वाट लावली.”

त्या दिवशी भाऊंनी चहा केला. साखर विचारून घातली. मुलाला शाळेत सोडलं, अर्थातच अ‍ॅक्टिव्हावर. दळण आणलं. दुपारी कंपनीतून फोन करून “आता कसं वाटतंय” विचारलं, आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबले. संध्याकाळी बाकड्यावर सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, “आमच्या हिच्यात कॅरेक्टर आहे, काय समजलात!”

वहिनींनी पुढचा बिघाड दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात ठेवला आहे. राज्यभरातल्या सतरंज्या उचलणाऱ्यांनी नोंद घ्यावी: प्रयोग यशस्वी झाला आहे, आणि त्याला स्पेअर पार्ट लागत नाहीत.